ओनिशी-सानांचा झुरका

आमच्या प्रल्हाद निमकरने जन्मात सिगरेट ओढलेली नाही. सुपारीचं खांडसुद्धा तो तोंडात टाकत नाही. लग्नात पानाचं तबक समोर आलं की हात जोडतो. आणि या माणसाचं घर गेली काही वर्षं लोकांच्या झुरक्यांवर चाललं आहे. हे मी त्याला तोंडावर सांगते. तो हसतो. पूर्वी मोकळं हसायचा, आता नुसते दात दिसतात.

मी सिंधू. नागोयात दाबाचे सेन्सर बनवणारी एक कंपनी आहे, तिथे मी दुभाषी आहे आणि प्रल्हाद इंजिनियर. निमकरांचं घर आमच्याच इमारतीत, एक मजला खाली. त्यामुळे त्याचं ऑफिसातलं आणि घरातलं दोन्ही मला कळतं. चहाड्या करायला उत्तम जागा आहे. मी करत नाही, नुसती चिडते.

प्रल्हाद चिंचवडचा. वडील तिथल्या एका कारखान्यात टर्नर होते. मुलगा जपानला गेला तो मोटारींच्या इंजिनात बसणारे सेन्सर बनवायला, याचा त्या घराला कोण अभिमान! पण विजेच्या गाड्या आल्या. इंजिनच नाही तर त्यातला सेन्सर कुठे बसवणार? कंपनीने आपल्या चिमुकल्या सेन्सरना दुसरी जागा शोधली, आणि ती सापडली माणसांच्या तोंडाशी. विजेवर चालणारी सिगरेट. पेनाएवढी नळी, तिला बटण नाही. ओढली की आतला दाब किंचित उतरतो, तो सेन्सरला कळतो, तार तापते आणि आतल्या द्रवाची वाफ येते. बाहेर एक बारीक निळा दिवा लागतो, म्हणजे यंत्राला तुमचा श्वास समजला.

"मोटारीतून काढलं आणि पानाच्या टपरीवर बसवलं," असं प्रल्हादची बायको अनुराधा म्हणाली होती. चिंचवडला सासूबाईंना तिने सांगितलं, की हे आता श्वास ओळखायचं यंत्र करतात. सासूबाईंनी आळीभर सांगितलं, प्रल्हाद हॉस्पिटलच्या लायनीत गेला. तो गैरसमज अजून कोणी दूर केलेला नाही.

प्रल्हादचे साहेब ओनिशी-सान. साहेब हा शब्द तोकडा पडतो. प्रल्हाद इथे नवा आला तेव्हा परदेशी माणसाला कोणी घर भाड्याने देईना. ओनिशी-सानांनी जामीन राहून स्वतःचा शिक्का उठवला. कुठल्या दिवशी कुठला कचरा बाहेर ठेवायचा हे त्यांनीच शिकवलं. मुलीच्या, मितालीच्या जन्माच्या वेळी अनुराधाची आई व्हिसाअभावी येऊ शकली नाही, तर ओनिशी-सानांच्या बायकोने येऊन तिला पेज करून घातली. सख्ख्या काकांनी केलं नसतं एवढं त्या माणसाने केलं, आणि बोलून एकदाही दाखवलं नाही. प्रल्हाद पाडव्याला फोन करायचा तो आधी चिंचवडला आणि मग ओनिशी-सानांना. पाडवा म्हणजे काय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं. पण ते दरवेळी "अभिनंदन" म्हणत.

साठीनंतर इथे माणसाला पुन्हा वर्षावर्षाच्या करारावर ठेवतात. ओनिशी-सान तसे राहिले होते. घरी बसायची त्यांना भीतीच वाटायची. एकदा कँटीनमध्ये मला म्हणाले होते, "सिंधू-सान, रविवारी मी दुपारपर्यंतच माणूस असतो. नंतर काय करायचं ते समजत नाही."

तर या नळीत सेन्सर कुठे बसवायचा, यावरून सगळं घडलं.

तोंडाजवळ बसवला तर अगदी हलका झुरकाही त्याला कळतो. पण तिथे वाफेचा ओलावा साचतो. ओला सेन्सर खुळा होतो. कोणी ओढत नसताना त्याला वाटतं ओढताहेत, आणि नळी खिशात आपोआप तापायला लागते. खाली, हवा आत शिरते तिथे बसवला तर तो कोरडा राहतो, खुळेपणा करत नाही. पण मग झुरक्यात थोडा दम लागतो. ओनिशी-सानांनी तोंडाजवळची जागा ठरवली होती आणि तसाच नमुना गिऱ्हाईक कंपनीला जायचा होता. चाचणीच्या खोलीत विभागातल्या एका पोराच्या गणवेशाचा खिसा करपला, तेव्हा प्रल्हादची झोप उडाली.

त्याने ओनिशी-सानांना एकटं गाठून सांगितलं. एकदा नाही, अनेकदा. ते म्हणत, "खाली ठेवलं तर गिऱ्हाइकाला जोर लागेल." प्रल्हाद म्हणे, "नाही लागत, आमच्या सगळ्यांचं तपासलं." आणि खरंच त्याने विभागातल्या प्रत्येकाला नळी ओढायला लावली होती, प्रत्येकाचा दिवा लागला होता. फक्त ओनिशी-सानांना त्याने ओढायला लावलं नव्हतं. साहेबांच्या हातात चाचणीची नळी कोण देणार? ते काम पोरांचं.

"सिंधूताई, सेन्सर खाली गेलाच पाहिजे," तो मला म्हणाला. आम्ही सबवेतून घरी येत होतो. "उद्या कोणाच्या पोराच्या खिशात पेटलं म्हणजे? पण सरांना हर्ट न करता व्हायला पाहिजे. त्यांची लास्ट डिझाइन आहे ती. कुणी म्हणता कामा नये की ओनिशी चुकले."

"मग त्यांनाच सांग की तुम्ही बदला."

"सांगितलं. शेवटी काल म्हणाले, दोन्ही नमुने मीटिंगला आणा. ओढून दाखवायला पोरं आहेतच."

त्याला वाटलं, साहेब विरघळले. मलाही तसंच वाटलं. आता कळतं, की त्या माणसाने स्वतःला मागे घेऊन प्रल्हादला वाट दिली होती, फक्त आपल्या हातात नळी येणार नाही एवढं बघून.

प्रल्हादच्या डोक्यात मात्र चिंचवड शिरलं. त्याच्या वडिलांच्या कारखान्यात नवं मशीन आलं की नारळ फोडायचा मान खात्यातल्या सगळ्यात जुन्या कामगाराचा. मॅनेजर बाजूला उभा राहायचा. एका वर्षी तो मान प्रल्हादच्या वडिलांना मिळाला, ती गोष्ट मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की नारळाचं पाणी माझ्याच अंगावर उडालं असावं. त्याने मनाशी ठरवलं, की मीटिंगमध्ये नवी जागा ओनिशी-सानांच्याच मार्गदर्शनाखाली सापडली असं म्हणायचं आणि पहिला झुरका त्यांच्या हातून. म्हणजे डिझाइनही त्यांचं आणि मानही त्यांचा. हे आधी सांगायचं नाही, नाहीतर ते संकोचाने नको म्हणतील.

इथे मीटिंगमध्ये आयत्या वेळी काही होत नसतं. कोण कुठे बसणार, कोण काय विचारणार, त्यावर कोण "हं" म्हणणार, सगळं आधी टेबलाटेबलाशी जाऊन ठरलेलं असतं. मीटिंग म्हणजे नुसती आरती. हे प्रल्हादला माहीत नव्हतं? इतकी वर्षं झाली, त्यानेच नव्या पोरांना हे शिकवलंय. पण प्रेम उतू जायला लागलं की आपला माणूस शिकलेलं सगळं विसरतो, आणि समोरच्याला मान देताना आपण विचारत नाही, अंगावर घालतो. हळदीकुंकवाला नको नको म्हणणाऱ्या बाईची ओटी भरतात ना, तसं.

मीटिंगला गिऱ्हाईक कंपनीचे कुरोदा-सान आणि त्यांच्या मुख्य ऑफिसातून आलेला एक परदेशी साहेब होता. त्याच्यासाठी मी दुभाषी. प्रल्हादने ओल्या सेन्सरची नळी टेबलावर ठेवली. कोणी हात लावला नव्हता, तरी दिवा लागला आणि नळी तापली. हातच्या कांकणाला आरसा कशाला! कुरोदा-सानांनी मान डोलावली. मग पोरांनी खालच्या सेन्सरची नळी ओढली, एकामागून एक. दिवा, दिवा, दिवा.

मग प्रल्हाद उठला. नळी पुसून, नवं तोंड लावून, दोन्ही हातांत धरून तो ओनिशी-सानांसमोर वाकला. "ही जागा ओनिशी-सानांच्या मार्गदर्शनामुळे सापडली," तो म्हणाला. "पहिला अधिकृत झुरका त्यांचाच असावा."

ओनिशी-सान त्या नळीकडे बघत राहिले. ते हात पुढे करणारच नाहीत, असं एक क्षण मला वाटलं. पण पाहुण्यांसमोर दोन्ही हातांनी दिलेली वस्तू नाकारता येत नाही. त्यांनी ती घेतली, ओठांना लावली, ओढली.

दिवा लागला नाही.

प्रल्हादला वाटलं बॅटरी. तो मूर्ख माणूस म्हणाला, "पुन्हा एकदा." ओनिशी-सानांनी पुन्हा ओढली. खांदे वर आले, गळ्याच्या शिरा दिसल्या, छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज आला. तो आवाज खोलीत सगळ्यांनी ऐकला. दिवा लागला नाही. शेजारच्या पोराने गडबडीत ती नळी घेऊन स्वतः ओढली, आणि दिवा झटकन लागला. त्या पोराला मी कधी माफ करणार नाही, आणि त्या बिचाऱ्याचं काही चुकलंही नाही.

मग सगळ्यांना एकदमच कळलं, की सेन्सर तोंडाजवळ का होता. ओनिशी-सानांनी तो स्वतःच्या श्वासाला कळेल तिथे बसवला होता. कंपनीच्या वार्षिक तपासणीत छातीचा फोटो काढतात, फुंकर मारायला लावत नाहीत. जिना चढताना ते मध्येच थांबून खिडकीतून बघायचे. आम्ही म्हणायचो, ओनिशी-सानांना डोंगर आवडतात.

ते उठले आणि पाहुण्यांना कमरेत वाकून म्हणाले, "माझ्या वैयक्तिक अडचणीमुळे चाचणीत व्यत्यय आला. क्षमा असावी. जागा निमकर-सान म्हणतात तीच बरोबर आहे." आणि चहाचं बघतो म्हणून बाहेर गेले.

लिफ्टमध्ये परदेशी साहेब कुरोदा-सानांना काही विचारायला लागला, ते मला जपानीत सांगावं लागलं. तो म्हणाला, "त्या म्हाताऱ्याचा श्वास सेन्सरला कळला नाही. आपल्या गिऱ्हाइकांत असे किती असतील?" मला वाटलं, याला कणव आली. कुरोदा-सान म्हणाले, "बरेच. जुने सिगरेट ओढणारे." आणि साहेब खूश होऊन म्हणाला, "मग ते आपले गमावलेले गिऱ्हाईक आहेत." दोघांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या, आणि मी मध्ये उभी राहून दोन्ही भाषांत ती दुकानदारी पोचवत होते. पगार त्याचाच घेते.

घरी अनुराधा प्रल्हादला म्हणाली, "अरे, पण तू तर रिस्पेक्टनेच केलंस." मिताली कॉलेजात जाते, संध्याकाळी एका कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, काउंटरवर बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करते, इथेच वाढलेली पोरगी. ती आधी जपानीत काहीतरी पुटपुटली आणि मग मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांना आधी विचारलं का नाही?"

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं आपण म्हणून मोकळे होतो. त्या मारुतीला रोज तोंड त्याला द्यावं लागतं.

कंपनी ओनिशी-सानांना एक शब्दही लागट बोलली नाही. फार अदबीने त्यांना सविस्तर तपासणी सुचवण्यात आली. फुप्फुसं निकामी होत चालली होती. मार्चअखेर करार संपला, तो पुढे वाढला नाही. फुलांचा गुच्छ, टाळ्या, फोटो. फोटोत प्रल्हाद त्यांच्या शेजारी उभा आहे. एप्रिलमध्ये त्यांची जागा प्रल्हादला मिळाली, आणि सेन्सर खाली गेला. आता कोणाचा खिसा करपणार नाही. म्हणजे प्रल्हादचं म्हणणं खरंच होतं, हे कोणी विसरू नये. तेच तर बोचतं.

पुढे कुरोदा-सानांचं पत्र आलं. नवं काम: कमजोर श्वासाचा झुरकाही ओळखेल अशी जागा आणि असा सेन्सर. वयस्क ग्राहकांच्या सोयीसाठी. चाचणीला कमजोर श्वासाची माणसं लागतील. मागच्या वेळचे ते गृहस्थ येतील का?

प्रल्हाद वरिष्ठांना नाही म्हणाला. वरिष्ठ "कळलं" म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारलं. इथे नकार मोडत नाहीत, झिजवतात. शेवटी तो जवळच्या ताजिमी गावी ओनिशी-सानांच्या घरी गेला. मला बरोबर नेलं. एकट्याचा धीर नव्हता.

वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुतळीने बांधून दाराशी ठेवले होते. ओनिशी-सान स्वेटर घालून बसले होते, पूर्वीच्या अर्धे झालेले. प्रल्हाद जमिनीला डोकं टेकवून माफी मागायला लागला, तर त्यांनी हाताने थांबवलं. नव्या कामाचं त्याने चाचरत सांगितलं. मी मनात म्हणत होते, हाकला याला, चांगलं फटकारा. ओनिशी-सान म्हणाले, "कधी यायचं?"

त्यांची बायको आत गेली ती त्यांचा सूट काढायलाच.

मग ते महिन्यातून एकदा यायचे. जिथे आयुष्य काढलं तिथे गळ्यात पाहुण्याचा बिल्ला. घरून डबा आणायचे, कँटीनमध्ये प्रल्हादसमोर बसून खायचे. नळीत द्रव नसायचा, तार नसायची, नुसता सेन्सर आणि दिवा. ते ओढत, दिवा लागे, पोरं "लागला!" म्हणत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही येई की मला बघवत नसे. त्यांना न्यायला आलेल्या त्यांच्या बायकोने एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "हॉस्पिटलात फुंकायला लावतात त्या दिवशी ते जेवत नाहीत. इथून आले की दोन वाट्या भात खातात. हे काम लवकर संपवू नका."

हे मी प्रल्हादला सांगितलं. थंडी पडली तसा ओनिशी-सानांचा श्वास आणखी उतरला. एका खेपेला दिवा मुश्किलीने लागला. पुढच्या खेपेसाठी प्रल्हादने एक वेगळीच नळी करून ठेवली. तिचा सेन्सर इतका हळवा, की फुंकर तर सोडाच, हात जवळून गेला तरी दिवा लागावा. ती बाजारात विकण्याच्या कामाची नव्हती. ती फक्त ओनिशी-सानांसाठी होती. प्रल्हादने मला दाखवली. खोटेपणा होता, पण इतक्या दिवसांत त्या कंपनीत मी पाहिलेली ती एकच माणुसकीची गोष्ट होती.

ओनिशी-सान आले. बसले, दम घेतला. प्रल्हादने नळी पुढे केली. ती हातात घेतल्याबरोबर, ओठांजवळ नेण्याआधीच, कोटाची बाही हलली आणि दिवा लागला.

उभी हयात सेन्सरमध्ये घालवलेला माणूस तो. त्यांनी नळी टेबलावर ठेवली. तिच्यावरून हात फिरवला, दिवा लागला. पुन्हा फिरवला; पुन्हा लागला.

"निमकर-सान," ते म्हणाले, "ही खोटं बोलते. खरी द्या."

"ओनिशी-सान, आज थंडी आहे, आज राहू द्या..."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, की खोटा दिवा लागला तर कोणीतरी भाजेल?"

प्रल्हादने खरी नळी दिली. ओनिशी-सानांनी दोन्ही हातांनी ती घेतली, पाठ ताठ केली आणि ओढली. दिवा लागला नाही. त्यांनी वाट पाहून पुन्हा ओढली. नाही. आता कोणी "पुन्हा" म्हणालं नाही, तरी त्यांनी आपणहून तिसऱ्यांदा ओढली, आणि त्यानंतर बराच वेळ त्यांना बोलता आलं नाही.

दिवा लागला नसला तरी झुरक्याचा दाब पडद्यावर उमटतो. आकडा आला होता. पोरं खाली बघत उभी होती, प्रल्हादही.

"लिहून घ्या," ओनिशी-सान म्हणाले. "मापन झालेलं आहे."

प्रल्हादने लिहिलं. ओनिशी-सानांनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि त्या दिवशी कँटीनमध्ये न थांबताच गेले. पुन्हा आले नाहीत. फोनवर त्यांच्या बायकोने फक्त आभार मानले.

मीटिंगमध्ये कुरोदा-सानांनी तो आकडा पाहिला आणि म्हणाले, हाच हवा होता. इतक्या कमजोर श्वासाचं खरं मापन कुठेच मिळत नव्हतं. सेन्सरची मर्यादा त्या आकड्याच्या किंचित खाली ठरली. जागाही ठरली: हवेच्या वाटेत कोरड्या बाजूला, मध्ये एक अरुंद गळा काढून, म्हणजे हलक्या झुरक्यानेही तिथला दाब जास्त उतरतो. डिझाइन निर्दोष आहे, प्रल्हादचं आहे. वरिष्ठांनी त्याची पाठ थोपटली.

आता ती नळी मिताली काउंटरवरून विकते. ज्याला जिना चढवत नाही, त्यालाही ती ओढता येते. ओनिशी-सानांइतका श्वास उरला असला तरी पुरे.